गुणवत्ता माणसाची की पद्धतीची?

'गुणवत्ता' हा शब्द आपल्या समाजाने जितक्या वेळा टोमण्यासारखा ऐकला, तितक्या वेळा क्वचितच दुसऱ्या कोणी ऐकला असेल. प्रवेशाच्या रांगेत, मुलाखतीच्या टेबलावर, बढतीच्या यादीत हा शब्द आपल्या मुलांच्या तोंडावर फेकला जातो. जणू गुणवत्ता ही काही घरांत तुपाच्या बरणीसारखी वारसाने येते आणि बाकीच्या घरांत तिचा वासही नसतो! पण याच गुणवत्तेचे एक शास्त्र आहे. त्याला शंभर वर्षे होऊन गेली. ते कारखान्यात जन्मले, गणितावर उभे आहे आणि त्याचा निष्कर्ष या टोमण्याच्या नेमका उलट आहे. हे शास्त्र सांगते की, खराब माल निघाला तर आधी माणसाकडे बोट दाखवू नका, पद्धत तपासा.

आज हेच शास्त्र 'सिक्स सिग्मा', 'ब्लॅक बेल्ट' अशा नावांनी बाजारात आले आहे. देवणी, उदगीर, निलंग्याकडची डिप्लोमा-इंजिनिअरिंग झालेली मुले पुण्याला, चाकणला, हैदराबादला जातात आणि वर्षभरात त्यांच्या मोबाईलवर जाहिराती येऊ लागतात : अमुक हजार भरा, दोन दिवसांत बेल्ट मिळवा, पगार वाढवा. पोरे विचारतात, "सर, हे करावे का?" मी वकील माणूस, पण कामगारांची प्रकरणे हाताळताना या विषयाशी माझा संबंध आला आणि त्यात आपल्या कामाचे बरेच काही आहे असे दिसले. म्हणून हा लेख.

मुळापासून पाहू. अमेरिकेत टेलिफोनची यंत्रे बनविणारी वेस्टर्न इलेक्ट्रिक नावाची कंपनी होती. तिथे वॉल्टर शूहार्ट या शास्त्रज्ञाने १६ मे १९२४ रोजी आपल्या साहेबाला एक टिपण दिले. त्यात एक साधा आलेख होता. मधोमध सरासरीची रेघ, वर एक मर्यादा, खाली एक मर्यादा. रोजच्या उत्पादनाचे आकडे त्यावर टिंबांनी मांडायचे. हाच 'नियंत्रण आलेख'. शूहार्टचे म्हणणे असे की, कोणत्याही कामात फरक पडतोच. एकाच यंत्रातून निघालेले दोन नग तंतोतंत सारखे नसतात. पण हा फरक दोन जातींचा असतो. एक फरक पद्धतीतच मुरलेला असतो. तो रोजचा, सगळ्यांचा असतो. दुसरा फरक एखाद्या विशेष कारणाने पडतो, जसे हत्यार मोडले, कच्चा माल बदलला, नवा माणूस न शिकवता यंत्रावर उभा केला. टिंब मर्यादेच्या आत असेल तर विशेष कारण शोधत बसू नका. मर्यादेच्या बाहेर गेले तर लगेच शोधा.

हे आपल्या चुलीवर आणून पाहा. ज्वारीची भाकरी थापताना दहा भाकऱ्या दहा तऱ्हेच्या होतात. कुठे कडा जाड, कुठे पापुद्रा कमी. हा झाला मुरलेला फरक. पण एखाद्या दिवशी सगळ्याच भाकऱ्या थापताना चिरतात. सासू म्हणते, सुनेचा हात वाईट. खरे म्हणजे पीठ आठ-दहा दिवसांचे झालेले असते आणि त्याची विरी गेलेली असते. पीठ कधी दळले हे कोणी विचारत नाही, बोलणी मात्र सुनेने खायची! उद्या सून बदलली तरी त्या पिठाची भाकरी चिरणारच. शूहार्टचे सगळे शास्त्र या एका गोष्टीत आले.

शूहार्टचा शिष्य म्हणावा असा एडवर्ड्स डेमिंग हा संख्याशास्त्रज्ञ १९५० मध्ये जपानला गेला. युद्धात बेचिराख झालेल्या त्या देशाच्या कारखानदारांना त्याने हे शास्त्र शिकविले. जपानने १९५१ पासून त्याच्या नावाने पारितोषिक सुरू केले. हा डेमिंग आपल्या वर्गात एक खेळ करून दाखवीत असे. एका भांड्यात चार हजार मणी. त्यांतले ८०० लाल, बाकीचे पांढरे. पन्नास खळग्यांचा एक पाटा. सहा 'कामगार' बोलवायचे. प्रत्येकाने डोळे न लावता पाटा भांड्यात बुडवून पन्नास मणी काढायचे. लाल मणी म्हणजे खराब माल. एकाचे सहा लाल निघाले की डेमिंग त्याची पाठ थोपटायचा. दुसऱ्याचे पंधरा निघाले की त्याला सर्वांसमोर झापायचा. दुसऱ्या फेरीत शाबासकी मिळालेल्याचे लाल मणी वाढायचे, झापलेल्याचे कमी व्हायचे. मग डेमिंग म्हणायचा, पाहा, दम दिल्याचा परिणाम! वर्ग हसायचा. शेवटी तो आकडे आलेखावर मांडायचा. भांड्यातच वीस टक्के लाल मणी आहेत, तेव्हा पन्नासांत सरासरी दहा येणारच आणि गणिताने साधारण दोन ते अठरा यांच्या मध्ये कोणताही आकडा निव्वळ योगायोगाने येऊ शकतो. सहावाला हुशार नव्हता, पंधरावाला आळशी नव्हता. भांडे भरणारा मात्र या सगळ्यातून नामानिराळा राहिला होता.

डेमिंगचा अंदाज असा होता की, कामातल्या अडचणींपैकी ९४ टक्के पद्धतीच्या असतात आणि पद्धत ठरविण्याचा अधिकार व्यवस्थापनाकडे असतो. उरलेल्या सहा टक्क्यांत विशेष कारणे. आपल्याकडे हिशेब उलटा चालतो. शंभरातली नव्वद कारणे कामगाराच्या नावावर लिहिली जातात.

माझ्याकडे आलेले एक प्रकरण सांगतो. आपल्या तालुक्यातला एक तरुण पुणे जिल्ह्यातल्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात सीएनसी मशीनवर कामाला होता. एका शिफ्टमध्ये त्याचे नऊ जॉब रिजेक्ट झाले. कारणे दाखवा नोटीस आली, मग कामात वारंवार हयगय केल्याचे आरोपपत्र आले, चौकशी लागली. असल्या चौकशीत वकिलाला सहसा उभे राहू देत नाहीत, पण उत्तराचा मसुदा करून देता येतो. मी त्याला विचारले, बाकीच्यांचे किती रिजेक्ट होतात? तो म्हणाला, होतातच की. आम्ही लेखी अर्ज देऊन त्या लाइनची तीन महिन्यांची रिजेक्शनची नोंदवही मागितली. त्या मशीनवर तीन शिफ्टना मिळून अनेक जण काम करीत होते. शिफ्टमागे सरासरी सात जॉब जात होते. साताचे वर्गमूळ साधारण २.६५, त्याची तिप्पट सुमारे आठ. म्हणजे वरची मर्यादा पंधराच्या आसपास. नऊ हा आकडा मर्यादेच्या पुष्कळ आत होता. त्याच वहीत इतरांचे दहा आणि बाराही होते, त्यांना नोटीस नव्हती. एवढाच मुद्दा उत्तरात आलेखासह मांडला. चौकशी अधिकाऱ्याला तो टाळता आला नाही. पोराची नोकरी वाचली. पुढे कारखान्याने जॉब धरणारे झिजलेले फिक्स्चर बदलले, तेव्हा तिन्ही शिफ्टचा आकडा खाली आला. सून तीच होती, पीठ बदलले होते!

यात कायद्याचीही बाजू आहे. कारखान्यात गैरवर्तन कशाला म्हणायचे आणि शिक्षा कशी द्यायची, याची लेखी नियमावली म्हणजे स्थायी आदेश. औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायदा एप्रिल १९४६ मध्ये झाला, तेव्हा व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. मालकाच्या मर्जीऐवजी लेखी नियम, हे त्या कायद्याचे सार. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि त्या कायद्याची जागा तिने घेतली. संहितेत स्थायी आदेशांचे प्रकरण ३०० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू आहे. जुन्या केंद्रीय कायद्यात हा आकडा १०० होता. म्हणजे लहान कारखान्यातल्या कामगाराच्या हातातला लेखी नियमाचा आधार कमी झाला. अशा वेळी आकड्यांचा आधार तरी त्याला माहीत असायला हवा. आपल्या कामाची मोजणी आपल्याला वाचता आली नाही, तर ती आपल्याविरुद्ध वाचली जाते.

आता या बेल्ट प्रकाराकडे वळू. १९८० नंतरच्या दशकात मोटोरोला ही अमेरिकन कंपनी जपानी मालापुढे मागे पडत होती. तिथल्या बिल स्मिथ या अभियंत्याने १९८६ च्या सुमारास दोष मोजण्याची एक कडक रीत बसविली. सिग्मा हे ग्रीक अक्षर संख्याशास्त्रात पसरण दाखवते, म्हणजे आकडे सरासरीपासून किती लांब विखुरतात ते. सरासरीच्या दोन्ही बाजूंना तीन सिग्मा एवढ्या अंतरात माल चालत असेल तर दहा लाखांत सुमारे २,७०० नग खराब निघतात. सहा सिग्माची जागा असेल आणि सरासरी काळाच्या ओघात थोडी सरकते हेही गृहीत धरले, तर दहा लाख संधींमागे ३.४ दोष. हाच तो प्रसिद्ध आकडा. मोटोरोलाला १९८८ मध्ये अमेरिकेचे बाल्ड्रिज राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. १९९५ पासून जनरल इलेक्ट्रिकने ही पद्धत साऱ्या कंपनीत लावली आणि मग ती जगभर पसरली. कराटेतल्या पट्ट्यांप्रमाणे पायऱ्या ठरल्या : यलो, ग्रीन, ब्लॅक, मास्टर ब्लॅक बेल्ट.

खऱ्या ब्लॅक बेल्टचे शिक्षण म्हणजे काय? मूळ कंपन्यांत ते चार महिन्यांचे असे. दर महिन्याला एक आठवडा वर्ग आणि उरलेले तीन आठवडे आपल्याच कारखान्यातल्या एका खऱ्या अडचणीवर काम. पाच टप्पे असतात. पहिला, अडचण नेमकी काय ती ठरवा. दुसरा, मोजा. तिसरा, कारण शोधा. चौथा, सुधारा. पाचवा, सुधारलेले टिकवा. यात फरक खरा की योगायोगाचा हे तपासण्याच्या कसोट्या येतात, एका गोष्टीचा दुसरीवर किती परिणाम होतो याचे गणित येते आणि सर्वांत अवघड भाग म्हणजे प्रयोगांची आखणी येते. उष्णता, दाब, वेळ, कच्चा माल अशा अनेक गोष्टी एकाच वेळी बदलून, कमीत कमी प्रयोगांत, कोणती गोष्ट खरी कारणीभूत हे काढायचे. आपल्या शेतकरी-शेतमजुरांच्या मुलांनी लक्षात ठेवावे, ही विद्या कारखान्यात जन्मली नाही. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर याने १९२० च्या दशकात खतांच्या आणि बियाण्यांच्या चाचण्या करताना ती उभी केली. शेताचे वाफे पाडून, कोणत्या वाफ्यात कोणते खत घालायचे हे चिठ्ठी टाकून ठरवायचे, म्हणजे जमिनीच्या कसातला फरक खताच्या नावावर चढत नाही. वावरातून निघालेली ही विद्या आज वातानुकूलित हॉटेलांत भारी फी घेऊन शिकविली जाते.

भारतात ही विद्या परदेशी कंपन्यांनी आणली असा समज आहे, तोही खरा नाही. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये कलकत्त्याला भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. तिच्या निमंत्रणावरून खुद्द शूहार्ट १९४७-४८ मध्ये भारतात येऊन गेला. जपानात डेमिंगची व्याख्याने सुरू होण्याआधीची ही गोष्ट. पुढे या संस्थेने मुंबईसह औद्योगिक शहरांत संख्यात्मक गुणवत्ता नियंत्रणाची केंद्रे उघडली. १९५९ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था असा दर्जा मिळाला. म्हणजे जपानच्या बरोबरीने, किंबहुना थोडे आधीच, हे बी आपल्या मातीत पडले होते. पण जपानने ते कारागिरापर्यंत नेले. तिथे यंत्रावरचा माणूस स्वतः आलेख भरू लागला, आपसात बसून कारणे काढू लागला. आपल्याकडे ते बराच काळ साहेबाच्या टेबलावरच राहिले. भारतातल्या कंपनीला पहिले डेमिंग पारितोषिक मिळायला १९९८ साल उजाडले. ते सुंदरम क्लेटनला मिळाले. २००३ मध्ये महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाला मिळाले. आपल्या शिवारात फिरणारा तो लाल ट्रॅक्टर या शास्त्राच्या शिस्तीतून बाहेर पडलेला आहे.

विद्या साहेबाच्या टेबलावरून खाली का उतरली नाही? याचे उत्तर मुंबईच्या गिरण्यांत सापडते. गिरणीत विणकाम खात्याला, म्हणजे साचेखात्याला, सूतकताईच्या खात्यांपेक्षा जास्त पगार होता. त्या खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. कारण काय तर धोटा! मागाच्या धोट्यातली सुताची कांडी संपली की नवी भरायची आणि सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचे. एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, म्हणून सवर्ण विणकरांना विटाळ. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठणकावून मांडला आणि सर्व खाती आमच्या माणसांना खुली करा, अशी मागणी केली.

गुणवत्तेच्या शास्त्राच्या चष्म्यातून ही गोष्ट पाहा. तोंडाने सूत ओढणे ही मुळातच वाईट पद्धत. त्यातून रोग पसरण्याची भीती, फुप्फुसात धूळ जाण्याची भीती. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्येच असल्या धोट्यावर बंदी घातली. हाताने ओवता येणारे धोटे अस्तित्वात होते. म्हणजे पद्धत सुधारली असती तर विटाळाचा बहाणाच संपला असता आणि सगळ्याच कामगारांचे आरोग्य वाचले असते. पण पद्धत तशीच ठेवली आणि माणसे बाहेर ठेवली. वर पुन्हा हेच लोक विचारणार, तुमच्यात कुशल विणकर किती? ज्याला सूत ओवूच दिले नाही, त्याच्या हाताची परीक्षा कसली घेता?

आता कोणी म्हणेल, हे जुने झाले; आज राखीव जागांमुळे कामाचा दर्जा घसरतो त्याचे काय? यावरही मोजणी झालेली आहे. अर्थशास्त्रज्ञ अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ यांनी भारतीय रेल्वेच्या १९८० ते २००२ या काळातल्या आकडेवारीचा अभ्यास केला. तो २०१४ मध्ये 'वर्ल्ड डेव्हलपमेंट' या संशोधनपत्रिकेत छापून आला. अनुसूचित जाती-जमातींच्या कर्मचाऱ्यांचे प्रमाण वाढल्याने रेल्वेची उत्पादकता घटते, याला त्यांना कोणताही आधार सापडला नाही. उलट वरच्या श्रेणीतल्या पदांवर हे प्रमाण जास्त असताना उत्पादकता चांगली असल्याच्या खुणा मिळाल्या. टोमणा मारणाऱ्याने आकडे काढावेत. आपले तर काढून झाले आहेत.

मात्र आकड्यांची शिस्त दुसऱ्यांना सांगायची आणि आपण पाळायची नाही, असे चालणार नाही. मुंबईच्या डबेवाल्यांचे उदाहरण घ्या. ते सिक्स सिग्मा आहेत, फोर्ब्सने तसे प्रमाणपत्र दिले आहे, असे भाषणांतून सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात फोर्ब्सने १९९८ मध्ये लेख छापला, प्रमाणपत्र दिले नाही. लेखकाने नंतर स्वतःच खुलासा केला की, त्याने सिक्स सिग्मा हा शब्दच वापरला नव्हता. डबेवाल्यांच्या प्रमुखाला त्याने विचारले, चूक किती वेळा होते? उत्तर मिळाले, जवळजवळ नाहीच, दोन महिन्यांतून फार तर एकदा. त्यावरून त्याने हिशेब मांडला. म्हणजे जगभर गाजलेला आकडा हा अंदाज होता, चुकांच्या वहीतली नोंद नव्हती. यामुळे डबेवाल्यांचे काम लहान होत नाही. डब्याच्या झाकणावरच्या काही खुणांवर रोज एवढे डबे पोचविणे ही अव्वल दर्जाची पद्धत आहे. शाळा फारशी न शिकलेल्या माणसांनी ती उभी केली, हा तर गुणवत्तेच्या मक्तेदारांना दिलेला उत्तम जबाब आहे. पण मोजल्याशिवाय सिद्ध होत नाही, हा नियम आपल्या आवडत्या गोष्टीलाही लागू आहे.

आणि मोजणाऱ्या यंत्राची मोजणी आधी करा, हा ब्लॅक बेल्टच्या शिक्षणातला पहिल्या काही दिवसांचा धडा आहे. आपल्या भागातल्या शेतकऱ्याला तो कोणी समजावून सांगायला हवा. हमीभावाने सोयाबीन घेताना ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते; २०२४-२५ च्या हंगामात केंद्राने ती १५ टक्क्यांपर्यंत वाढविली होती. एका टक्क्यावर पोते स्वीकारले जाते किंवा परत जाते. मग एकच नमुना एकाच यंत्रात तीनदा टाकला तर आकडा तोच येतो का? दोन माणसांनी वेगवेगळा मोजला तर किती फरक पडतो? यंत्र प्रमाण नमुन्याशी शेवटचे कधी ताडून पाहिले? हे तीन प्रश्न विचारायला कोणतीही पदवी लागत नाही. ज्या यंत्राच्या दोन मापांतच एका टक्क्याचा फरक पडतो, त्याच्या एका आकड्यावर शेतकऱ्याचे पोते परत पाठविणे हा न्याय नव्हे. दहावी झालेल्या एका मुलीने वही घेऊन बाजारात आठवडाभर नोंदी केल्या, तर ती जे पुढे आणील ते कोणत्याही निवेदनापेक्षा जड भरेल.

या शास्त्राचा गैरवापर होतो, हेही सांगितले पाहिजे. खर्च कमी करण्याच्या नावाखाली माणसे कमी करायची आणि त्याला सुधारणा म्हणायचे, असे अनेक ठिकाणी झाले आहे. डेमिंगच्या शिकवणीत तर 'भीती हाकलून द्या' हे एक कलम होते, कारण भ्यालेला कामगार खरा आकडा सांगत नाही, खराब नग लपवितो. कंत्राटी कामगाराच्या डोक्यावर उद्याच्या कपातीची तलवार ठेवून त्याच्याकडून खऱ्या नोंदी मागणे म्हणजे शूहार्टचा आलेख भिंतीवर लावून त्याखाली खोटे लिहिणे होय. म्हणून ही विद्या आपल्या माणसांच्या हातात हवी. आलेख कोण भरतो आणि कोण वाचतो, यावर तो कामगाराचा मित्र की वैरी हे ठरते.

आता त्या पोरांच्या प्रश्नाचे उत्तर. दोन दिवसांत मिळणारा ब्लॅक बेल्ट विकत घेऊ नका. सिक्स सिग्माचा बेल्ट कोणी द्यावा, याला जगात एकच अधिकृत संस्था नाही. म्हणून कोणीही दुकान थाटतो. ओळखण्याची खूण सोपी आहे : प्रत्यक्ष प्रकल्प मागतात का? अमेरिकन सोसायटी फॉर क्वालिटीची ब्लॅक बेल्ट परीक्षा देण्यासाठी दोन पूर्ण केलेले प्रकल्प, किंवा एक प्रकल्प आणि तीन वर्षांचा अनुभव, शपथपत्रासह दाखवावा लागतो. जिथे प्रकल्प मागत नाहीत, तिथे फक्त पैसे मागतात.

पायरीपायरीने जा. बी.एस्सी.ला संख्याशास्त्र घेणाऱ्यांना संख्यात्मक गुणवत्ता नियंत्रण हा भाग अभ्यासक्रमातच असतो. तो परीक्षेपुरता पाठ करू नका. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे सिक्स सिग्माचे आणि गुणवत्ता नियंत्रणाचे पाठ फुकट ऐकता येतात. शुल्क फक्त परीक्षेचे. नोकरीत असाल तर आपल्याच लाइनवरची एक अडचण धरा, वही घाला, आलेख काढा; तोच तुमचा पहिला प्रकल्प. भारतीय सांख्यिकी संस्थेची गुणवत्ता केंद्रे पुणे, मुंबई, हैदराबाद या आपल्याला जवळच्या शहरांत आहेत आणि ती बेल्टचे वर्ग घेतात. अभियांत्रिकी किंवा संख्याशास्त्र झालेल्यांनी या संस्थेच्या एम.टेक. (गुणवत्ता, विश्वासार्हता आणि संक्रियात्मक संशोधन) या अभ्यासक्रमाची प्रवेश परीक्षा द्यावी. तिथे राखीव जागा आहेत आणि निवडलेल्यांना विद्यावेतन मिळत आले आहे. आपल्या मुलांना या संस्थेचे नावही माहीत नसते, ही खरी अडचण.

बार्टीनेही याकडे लक्ष द्यावे. स्पर्धा परीक्षांच्या वर्गांइतकेच महत्त्व अशा औद्योगिक शिक्षणाला मिळाले पाहिजे; फी संस्थेने भरावी आणि प्रकल्पासाठी कारखाना मिळवून द्यावा. लातूरजवळ हरंगुळला रेल्वे डब्यांच्या कारखान्याची पायाभरणी २०१८ मध्ये झाली आणि वंदे भारतच्या शयनयान डब्यांचा करार २०२३ मध्ये झाला. तिथे वेल्डिंगची मशाल धरायला आपली पोरे जातीलच. पण वेल्डिंग पास की नापास हे ठरविणाऱ्या टेबलावर कोण बसणार? गिरणीत आपल्याला धोट्यापासून दूर ठेवले, म्हणून साचेखाते आपल्या हाती आले नाही. आता गेज आणि आलेख यांच्यापासून आपण स्वतःच दूर राहिलो, तर दोष कोणाला देणार?

शिका, या बाबासाहेबांच्या आदेशात मोजायला शिका हेही आले. यापुढे कोणी गुणवत्तेचा टोमणा मारला तर रागावू नका. शांतपणे कागद पुढे करा आणि विचारा : साहेब, तुमची मर्यादा रेघ कुठे आहे, टिंबे किती मांडलीत आणि भांड्यात लाल मणी कोणी टाकले?